पाठीमागचा रस्ता आणि मोटारीचे आरसे

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन मोठे रस्ते एकत्र येतात. सकाळच्या वेळी तेथे दहा मिनिटे उभे राहिले तर वाहनांच्या गर्दीपेक्षाही भोंग्यांचा गजर अधिक जाणवतो. मागून येणाऱ्याने भोंगा वाजवावा आणि पुढच्याने त्यावरून अंदाज घ्यावा, ही आपल्याकडील जुनी वहिवाट होय. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' असे आग्रहाचे निमंत्रणच रंगविलेले असे. राज्याच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर ही अक्षरे लिहिण्यास मनाई केली. अक्षरांवर बंदी घालता येते. पण जे काम डोळ्यांनी करावयाचे ते कानांवर सोपविण्याची सवय तेवढ्याने सुटत नाही. आणि ही सवय सुटावयाची असेल तर ज्या आरशावर भिस्त ठेवावयाची तो आरसा नीट बसविलेला असला पाहिजे. नेमके येथेच घोडे अडते.

मोटारीला आरसा आला तो माणसाच्या जागी. १९०९ मध्ये डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक स्त्रीने आपल्या पुस्तकात मागचा रस्ता पाहण्यासाठी हातआरसा जवळ बाळगावा, असे सुचविले होते. १९११ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची शर्यत झाली. इतर मोटारींत चालकाशेजारी एक यांत्रिक बसे आणि मागून कोण येत आहे ते सांगे. रे हॅरून हा चालक मात्र एकटाच उतरला. यांत्रिकाच्या ऐवजी त्याने मोटारीवर आरसा बसविला होता, आणि ती शर्यत त्यानेच जिंकली. आपल्याकडे तो शेजारचा माणूस पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिला. ट्रकचा क्लीनर आणि एस.टी.चा कंडक्टर हेच चालकाचे पाठीमागचे डोळे. घरगुती मोटारीला मात्र क्लीनर नसतो. शिवाय एके काळी स्वस्त मोटारींना कारखान्यातून डावा आरसाही मिळत नसे. त्यामुळे डावीकडे पाहण्याची सवय लागावी तरी कशी?

आज दोन्ही बाजूंना आरसे असतात. परंतु बहुतेक चालक ते असे बसवितात की त्यांत स्वतःच्या मोटारीची बाजू ठळक दिसावी. त्याने मनाला धीर येतो, इतकेच. आतला आरसा मागील काचेतून जो रस्ता दाखवितो, त्याचाच बराचसा भाग मग बाहेरचे दोन्ही आरसे दाखवू लागतात, आणि मोटारीच्या दोन्ही अंगांना मागील चाकांच्या आसपासचा पट्टा कोणत्याच आरशात येत नाही. या अदृश्य पट्ट्यात अख्खी मोटारसायकल मावते, कित्येकदा मोटारही. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने १९९५ मध्ये या प्रश्नाची भूमिती मांडली आणि त्यावर बिनखर्चाचा उपाय सांगितला: बाहेरचे आरसे अधिक बाहेर वळवावेत.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, हे लक्षात घेऊन ती रीत अशी सांगता येईल. प्रथम आसन व पाठ आपल्या अंगाला जुळवून घ्यावी आणि आतल्या आरशात संपूर्ण मागील काच दिसेल असे करावे. नंतर डोके उजव्या खिडकीच्या काचेला टेकवावे आणि उजवा आरसा बाहेर वळवीत न्यावा. त्यात मोटारीची बाजू जेमतेम कडेला दिसू लागली की थांबावे. त्यानंतर दोन्ही आसनांच्या मधोमध डोके आणून डावा आरसा तसाच लावावा. सरळ बसल्यावर मोटारीची बाजू कोणत्याही आरशात दिसणार नाही, आणि तसेच अपेक्षित आहे. आरसा एक अंश फिरला की दृष्टीची रेषा दोन अंश फिरते; म्हणून हाताने हलकेच हलवावे. पारख करण्यासाठी रस्त्याकडेला मोटार उभी करून शेजारून जाणाऱ्या वाहनावर नजर ठेवावी. ते वाहन आतल्या आरशातून निसटण्यापूर्वीच बाहेरच्या आरशात दिसले पाहिजे, आणि बाहेरच्या आरशातून जाण्यापूर्वी डोळ्यांच्या कोपऱ्यात आले पाहिजे.

पहिले चार-आठ दिवस चुकल्यासारखे वाटते, ही तक्रार खरी आहे. अरुंद गल्लीत मोटार मागे घेताना स्वतःची बाजू दिसणे अगत्याचे असते. त्या वेळी डोके किंचित झुकविले की ती दिसते. तेवढ्यासाठी सारा वेळ आरसे आत वळवून ठेवणे हा मात्र महागाचा सौदा आहे. सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते आमणे असा संपूर्ण खुला झाला. तेथे मोटारींना सपाटीवर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाने मोटार एका सेकंदात तेहतीस मीटर कापते. मार्गिका बदलताना शेजारचे वाहन नजरेतून सुटले तर सावरण्यास अवधी उरत नाही.

बाहेरचे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात. ते अधिक रुंद भाग दाखवितात, पण वस्तू लहान दिसते म्हणून ती लांब आहे असा भास होतो. अंतराचा खरा अंदाज आतल्या सपाट आरशातच घ्यावा. त्याच आरशाखाली एक लहानशी कळ असते, तिचा उपयोग थोडेच जण करतात. कळ फिरविल्यावर मागच्या दिव्यांचा झोत आरशाच्या मुलाम्यावरून डोळ्यांत येत नाही. पुढील काचेवरून परतणारा सुमारे चार टक्के प्रकाशच येतो. कसारा घाटात रात्री ट्रकची रांग मागे असताना ही कळ डोळ्यांना मोठाच दिलासा देते. मागील दाराला जादा चाक जोडलेल्या गाड्यांत आतल्या आरशाचा काही भाग त्या चाकानेच व्यापलेला असतो, तेव्हा बाहेरच्या आरशांवरील भार वाढतो. निफाड-दिंडोरीकडे गळीत हंगामात ऊस भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला तर उसाच्या भिंतीपलीकडचे काहीच दिसत नाही. तेथे मागून येणाऱ्यानेच हे जाणून अंतर राखावे आणि ट्रॉलीला मागे परावर्तक पट्ट्या आहेत की नाहीत हे गावाने पाहावे.

आरसे कितीही काळजीने बसविले तरी मोटारीच्या पाठीशी अगदी लगतची जमीन त्यांत येत नाही. अंगणात, बाजारतळावर किंवा शाळेच्या फाटकाशी खेळणारे लहान मूल नेमके तेथे असू शकते. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा सक्तीचा झाला. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा आवश्यक ठरली. जुन्या असंख्य वाहनांना यांतले काहीच नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांनी बसमध्ये परिचर ठेवण्यास सांगितले आहे. हा परिचर केवळ मुलांची चढ-उतार पाहण्यापुरता नसावा. बस मागे घेताना त्याने खाली उतरून चालकाला दिसेल अशा जागी उभे राहावे, याकडे मुख्याध्यापकांनी लक्ष द्यावे. एस.टी.च्या स्थानकात हे रोज घडते. कंडक्टर खाली उतरतो, गाडीच्या मागे बाजूला उभा राहतो, तोंडात शिट्टी धरतो, आणि ती वाजत असेतोवरच गाडी मागे सरकते.