वृद्धांचा घास

ठसका लागलेल्या माणसास "वर बघा, वर बघा" म्हणत पाणी पुढें करण्याची आपल्या घरांतून रीत आहे. वृद्धांपुरती तरी ती सोडावी, असें माझें मत आहे. गिळतांना श्वासनलिकेचें दार मिटावें लागतें. वार्धक्यांत तें काम मंदावतें, लाळ आटते, आणि कवळीमुळें घास पुरता चावला गेला कीं नाहीं हें उमगत नाहीं. त्यांतच मान मागें टाकली, तर घास वेळेआधींच घशांत उतरतो. म्हणून आजोबांना ताठ बसवावें. हनुवटी किंचित् खालीं असावी. भाकरी आमटींत कुस्करावी, शेंगदाणे कुटून घालावेत. कोरड्या चिवड्याचा आग्रह तर नकोच. आग्रह हें आपल्या पाहुणचाराचें भूषण खरें, पण येथें तो जिवावर बेततो. वामकुक्षीही अर्धा तास लांबवावी.

जोरानें खोकतां येत असेल, तोंवर खोकूं द्यावें. भ्यावें तें शांततेला! माणूस गळा धरतो, पण शब्द फुटत नाहीं. अशा वेळीं पाणी पाजूं नये, तोंडांत बोटें घालून चांचपूं नये. त्यास पुढें वांकवून दोन खांद्यांच्या मध्यें पाठीवर तळहातानें ५ जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्यानें न सुटल्यास मागून कवटाळून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आंत व वर असे ५ हिसके द्यावेत. ही युक्ति अमेरिकन शल्यवैद्य हेन्री हाइमलिक यांनीं १९७४ सालीं मांडली. घास सुटेपर्यंत दोन्ही उपाय आळीपाळीनें चालवावेत, आणि दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा.

साधें पाणी पितांना रोज ठसका लागत असेल, किंवा जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता होत असेल, तर डॉक्टरांस दाखवण्यास सणवार संपण्याची वाट पाहूं नये.