जुन्या मोटारींचा बाजार



बैलबाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जुन्या मोटारींचा बाजार फारसा समजावून सांगावा लागत नाही. बैलाचे दात पाहतात, खांदा चाचपतात, चार पावले चालवतात, कोणी जुंपूनही पाहतो. एवढे करूनही तो नांगराला मध्येच बसतो की काय, पोराबाळांवर धावतो की काय, हे विकणाऱ्यालाच ठाऊक असते. घेणाऱ्याला ते पंधरा दिवसांनी कळते. तोवर हेडी दुसऱ्या बाजाराला गेलेला असतो.

मोटारीला दात नसतात. तिचे वय आर.सी. बुकावर लिहिलेले असते, पण ती किती राबली हे त्यावर लिहिलेले नसते. ते समोरच्या काचेमागचा किलोमीटरचा आकडा सांगतो, आणि तो आकडा मागे फिरवून देणारे कारागीरही असतात. त्यामुळे 'जुन्या गाड्यांचा व्यापारी' म्हटले की आपल्या मनात एक चित्र उभे राहते : गोड बोलणारा, शपथा घेणारा, गळ्यात गाडी मारणारा. आज मला या चित्राची दुसरी बाजू तुमच्यापुढे ठेवायची आहे. कारण या बाजारात जो अविश्वास आहे त्याची किंमत फक्त घेणारा मोजत नाही. विकणारा मोजतो, मधला व्यापारी मोजतो, आणि कधीकधी ज्याने पाच वर्षांपूर्वी गाडी विकून हात झटकले तो मास्तरही मोजतो.

आमच्या तालुक्याच्या गावी मोठ्या रस्त्याला लागून एक गृहस्थ हा धंदा करतात. पत्र्याचे शेड, समोर आठ-नऊ गाड्या, हाताखाली एक पोरगा, एवढाच पसारा. मी अर्थशास्त्र शिकवतो. पुस्तकातला बाजार आणि हा बाजार यांत अंतर किती, हे पाहायला मी अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बसतो.

त्यांची सकाळ कशी जाते पाहा. उभी गाडी ही उभ्या जनावरासारखीच असते, ती काम करत नसली तरी खाते. बॅटरी उतरते, म्हणून दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक गाडी चालू करून ठेवावी लागते. एकाच जागी उभे राहून टायर बसतात. पावसाळ्यात कुबट वास धरतो. आणि उंदीर! बॉनेटखालच्या उबेला येऊन वायरी कुरतडतात. रविवारी गिऱ्हाईक यायचे असते आणि शनिवारी रात्री उंदराने हजार-दोन हजारांचे काम काढून ठेवलेले असते.

मग गिऱ्हाईक येते. निम्मे लोक नुसते पाहायला आलेले असतात. 'जरा चालवून बघतो' म्हणून एकजण गाडी घेऊन जातो तो मेहुण्याच्या गावाला चहा पिऊन तासाभराने परततो. पेट्रोल व्यापाऱ्याचे. खरे गिऱ्हाईक असेल तर सोबत मिस्त्री असतो. मिस्त्रीची अडचण निराळीच आहे. त्याला गाडीत खोड काढावीच लागते. त्याने 'गाडी चांगली आहे' म्हटले, तर गिऱ्हाईक म्हणणार, मग तुला आणले कशाला? म्हणून तो ऑइलची कांडी ओढतो, नाकाशी धरतो आणि मान हलवतो. त्या मान हलवण्याने पाच हजार उतरतात. एखादा मिस्त्री जाताना मागे रेंगाळून व्यापाऱ्याला हळूच विचारतो, 'शेठ, माझं काय?' ते दिले नाही, तर पुढच्या गिऱ्हाइकापुढे मान आणखी जोरात हलते.

अमावास्येला कोणी गाडी नेत नाही, पितृपक्षात इसारही देत नाही. उसाचे बिल आले की गर्दी, ते लांबले की शुकशुकाट. पण गाड्या घेताना जे पैसे उसने काढले, त्यांचे व्याज अमावास्या पाहत नाही.

नफ्याचेही गणित ऐका. समजा, गाडी २ लाखांना घेतली, तिच्यावर टायर, बॅटरी, रंग मिळून २० हजार घातले आणि २ लाख ४० हजारांना विकली. लोक म्हणतात, चाळीस हजार सुटले! नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीच्या फरकावर जी.एस.टी. भरावा लागतो. लहान गाड्यांवर तो पूर्वी १२ टक्के होता. २०२५ च्या जानेवारीपासून सर्वच जुन्या गाड्यांवर १८ टक्के झाला. ४० हजारांवर १८ टक्के म्हणजे ७ हजार २००. दुरुस्तीचे २० हजार त्या फरकातून वजा धरत नाहीत. राहिले १२ हजार ८००, आणि त्यातून जागेचे भाडे, पोराचा पगार, व्याज व उंदराचा खर्च. (या करावरून २०२४ च्या डिसेंबरात पुष्कळ घबराट उडाली होती. घरगुती माणसाने आपली जुनी गाडी दुसऱ्या घरगुती माणसाला विकली तर हा कर लागत नाही, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.)

त्याच वर्षी आणखी एक तडाखा बसला. ३ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या लहान गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले, आणि अंमल सुरू झाला २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेला. मधले दिवस पितृपक्षाचे. तेव्हा तसेही कोणी घेणार नव्हते. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली येतो. ज्याने ऑगस्टमध्ये जुन्या भावाने गाड्या भरून ठेवल्या होत्या, त्याच्या दारातच त्यांची किंमत उतरली. शेतकरी श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. कांदा चाळीत असताना भाव पडला, तर काय होते, ते त्यांना माहीत आहे.

पण हे तडाखे सगळ्याच धंद्यांत येतात. या धंद्याचे खास दुखणे दुसरे आहे. ते जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या निबंधात उलगडून दाखवले. तीन नियतकालिकांनी तो निबंध नाकारला होता, चौथ्याने छापला. पुढे २००१ साली दोन सहकारी विद्वानांसह त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत खोडीच्या गाडीला बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात. निबंध त्या लिंबांविषयीच होता.

त्याचा विचार असा. समजा, बाजारात दहा गाड्या आहेत. पाच चांगल्या, खरी किंमत ३ लाख. पाच खराब, खरी किंमत १ लाख. कोणती कशी हे मालकाला माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही. मग शहाणा गिऱ्हाईक काय करील? मधला भाव सांगेल, २ लाख. खराब गाडीचा मालक आनंदाने देऊन टाकतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, ३ लाखांची वस्तू २ लाखांना का देऊ? तो गाडी घरी घेऊन जातो. आता बाजारात उरल्या खराब गाड्या. हे गिऱ्हाइकांना कळले की भाव आणखी खाली येतो. कोणीही कोणाला फसवले नाही, तरी चांगला माल बाजारातून उठला! याच निबंधात अकेरलॉफ यांनी आपल्याकडच्या सावकारीचाही विचार केला आहे. ऋणको कसा आहे हे गावच्या सावकाराला माहीत असते, बाहेरच्याला नसते. म्हणून बाहेरचा स्वस्तात कर्ज द्यायला आला तरी बुडतो.

आमच्या या गृहस्थांनी अकेरलॉफ वाचलेला नाही, पण हा निबंध ते रोज जगतात. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढे वाळवून, धुऊन, अत्तर मारून बाजारात येऊ लागल्या, अशी बोलवा झाली. मग एम.एच. ०९ किंवा एम.एच. १० पासिंगची गाडी दिसली की गिऱ्हाईक मागे सरे, मग ती गाडी पुरात डोंगरमाथ्यावर का उभी असेना! यांच्याकडे अशी एक गाडी होती, एका बाईंनी सात वर्षे जपून वापरलेली. ती चार महिने उभी राहिली. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून दाखवायचे. बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या आतल्या भागात चिखलाची रेघ राहते आणि सीटखालच्या बोल्टांना गंज चढतो, ही परीक्षा तुम्हीही लक्षात ठेवा. पट्टा स्वच्छ, बोल्ट स्वच्छ. तरी गिऱ्हाईक म्हणे, 'शेठ, पट्टाच बदलला असंल तर?' अशा प्रश्नाला उत्तर नसते. शेवटी चांगली गाडी खराब गाडीच्या भावाने गेली.

आता येतो कागदांकडे. इथे शिक्षक बंधूंनी विशेष लक्ष द्यावे, कारण नोकरदार माणूस गाडी विकतो आणि कागद विसरतो, हे फार पाहण्यात येते.

गाडीची मालकी बदलताना २९ नंबरचा फॉर्म म्हणजे विकणाऱ्याने आर.टी.ओ.ला दिलेली वर्दी, आणि ३० नंबरचा म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. कायद्याप्रमाणे त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. व्यवहारात काय होते? विकणारा कोऱ्या फॉर्मांवर सह्या करतो, पैसे मोजून घेतो आणि निघून जातो. व्यापाऱ्याने गाडी आधी स्वतःच्या नावावर करावी, तर फी दोनदा पडते आणि मालकांची संख्या एकाने वाढून भाव उतरतो. म्हणून तो ते सह्यांचे कागद तसेच पुढे देतो. पुढचा आणखी पुढे देतो.

यात खेळखंडोबा कसा होतो ऐका. बँकेचे कर्ज तीन वर्षांपूर्वी फिटले, पण बोजा उतरवलेला नाही, अगदी सातबाऱ्यावर राहतो तसाच. बँकेच्या पत्राशिवाय आणि ३५ नंबरच्या फॉर्माशिवाय तो उतरत नाही, आणि जुने मालक तर बदली होऊन नागपूरला गेलेले. बोजा उतरला, तर दंडाची जुनी चलने निघतात. ती कोणी भरायची यावर दोन दिवस फोन. तेही झाले, तर नाव बदलताना जुन्या मालकाच्या मोबाइलवर एक ओ.टी.पी. जातो. व्यापारी नम्रपणे विचारतो, 'गुरुजी, आकडा तेवढा सांगा.' गुरुजी फोन ठेवून देतात! ओ.टी.पी. कोणाला सांगू नका, असे त्यांनी ऐकलेले असते. ते सांगण्यात रेडिओचाही वाटा आहे, आणि सांगणे योग्यच आहे. पण इथे गाडी अडते. यावर उपाय इतकाच की, विकणाऱ्याने काम पुरे होईस्तोवर दोन-तीनदा स्वतः हजर राहावे. नेमकी तेवढी सवड कोणाला नसते.

ही सवड न काढण्याची किंमत काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे नोंदणी ज्याच्या नावावर आहे तो. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हात बदलत गेली होती. नोंदणी पहिल्याच नावावर राहिली. तिसऱ्या-चौथ्या हाताशी असताना अपघात झाला, त्यात एक जीव गेला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवली. ज्याचे माणूस गेले त्याने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत हिंडावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. ते मला पटते. विमा चालू असेल, तर पुष्कळदा निभावते. पण अशा हातोहात फिरणाऱ्या गाडीचा विमा कोण भरणार? ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे गाडी नाही, आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्या नावावर ती नाही.

१ एप्रिल २०२३ पासून यावर एक तोड निघाली आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आर.टी.ओ.कडून प्राधिकारपत्र घ्यायचे. ते पाच वर्षे चालते. मालकाने अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोपवून संगणकावर तशी वर्दी दिली की तेव्हापासून ती विकली जाईपर्यंत तोच तिचा मालक मानला जातो. गाडी कुठे फिरवली याची नोंदवहीही त्याने ठेवायची, म्हणजे गाडी दाखवायला नेली की लग्नाला, ते कळते. तेव्हा गाडी व्यापाऱ्याला विकणार असाल, तर प्राधिकारपत्र आहे का, हे आधी विचारा. परस्पर विकत असाल, तर फॉर्म कोरे ठेवू नका. घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि गाडी दिली ती वेळ लिहून पावती करा, त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, २९ नंबरच्या फॉर्माची पोच जपून ठेवा. फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जाईल. आणि महिनाभराने परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नंबर घालून नाव बदलले की नाही ते पाहा.

आमच्या त्या गृहस्थांनी आपल्यापुरती एक रीत पाडली आहे. प्रत्येक गाडीला दोन किल्ल्या असतात. गिऱ्हाइकाला ते एकच देतात. दुसरी कपाटात, गाडीचा नंबर लिहिलेल्या पाकिटात. नव्या नावाचे आर.सी. आले की पेढे घेऊन या आणि दुसरी किल्ली घेऊन जा, असे ते सांगतात. मी परवा गेलो, तेव्हा कपाटात चार पाकिटे होती. त्यांतले एक गेल्या दिवाळीचे होते.