पेडगावचं रक्त परभणीच्या लॅबला पोहोचेपर्यंत

सकाळी आठला पेडगावात कुणाच्या तरी हातातून रक्त काढलं. ते परभणीच्या लॅबमध्ये मशिनवर लागेपर्यंत त्याचं काय होतं, ते आज बघू.

अंतर फार नाही, पण वेळ जातो. आधी सगळ्यांचे नमुने जमायचे, मग गाडी निघायची. 2017 पासून राज्यात महालॅब योजना आहे, सरकारी दवाखान्यांतले नमुने त्यातून लॅबला जातात. खासगीवाल्यांचं बरंचसं मोटारसायकलवरच चालतं.

आता गंमत अशी की बाटलीतलं रक्त मेलेलं नसतं. पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या बाटलीत रक्त तसंच पडून राहिलं तर साखर तासाला साधारण 5 ते 7 टक्के उतरते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर अजून भराभर. उपाशीपोटी 126 किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची रेषा. समजा खरी साखर 130 आहे. तीन तासांनी मशीन 110 च्या आसपास दाखवणार. म्हणजे ज्याला आज औषध लागायला हवं होतं, तो "काही नाही, नॉर्मल आहे" ऐकून घरी जातो. म्हणूनच साखरेसाठी राखाडी झाकणाची बाटली असते. तिच्यातलं फ्लोराइड पेशींचं खाणं थांबवतं, पण तेही लगेच नाही. पहिला तास-दोन तास थोडी घट होतेच.

दुसरं पोटॅशियम. लाल पेशींच्या आत ते बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पट असतं. डिकीत बाटली आदळली, पेशी फुटल्या, की ते बाहेर सांडतं. मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांत हवेच्या दाबाच्या पाईपमधून नमुने सुसाट पळवतात, तिथंही झटक्यानं हेच होऊ शकतं. पेशी फुटल्या की वरचं पाणी लालसर दिसतं, लॅबवाला ओळखतो.

मग बर्फात ठेवू? नको! गारठ्यात पेशींचा पंप बंद पडतो, पोटॅशियम गुपचूप बाहेर येतं आणि पाणी मात्र स्वच्छ दिसतं. मला हे जास्त धोक्याचं वाटतं. किडनीच्या पेशंटचा आकडा साडेसहा आला की घरचे रात्री गाडी करून नांदेडला पळतात. आकडा खरा असेल तर पळायलाच पाहिजे, प्रश्न तो खरा आहे का हाच.

ड्रोनचं काय, असं कुणीतरी विचारणारच. 2015 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी नमुने ड्रोनमधून फिरवले होते, बहुतेक चाचण्यांवर परिणाम दिसला नाही. आपल्याला तूर्तास डबा, गाडी आणि घड्याळ पुरे.

बऱ्याच रिपोर्टवर दोन वेळा छापलेल्या असतात, नमुना घेतल्याची आणि लॅबला मिळाल्याची. घरी आई-आबांचा जुना रिपोर्ट असेल तर काढा आणि मधले तास मोजा. फरक फार असेल तर डॉक्टरांना तेवढंच विचारा, "परत एकदा रक्त द्यायचं का?" गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद-चालू करू नका. भेटू पुढच्या भागात.