दोन चाकांचा हिशेब
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तलवाड्याला आलं की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो, "तू कॉम्प्युटरवर नेमकं करतेस काय?" गाडीच्या आत जे छोटे कॉम्प्युटर बसवलेले असतात, त्यांचे प्रोग्रॅम मी लिहिते. त्यातली एकच गोष्ट आज सांगते. कारण तिचा संबंध इथल्या अनेकांच्या ट्रॅक्टरशी आणि काहींच्या गॅरेजशी आहे. ती गोष्ट म्हणजे डिफरन्शियल.

शाळेत शिकलेला वर्तुळाचा परीघ आठवा. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर एक पूर्ण गोल फेरी मारताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालतं. फेरी लहान असो की मोठी, फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर वळताना एक चाक घासत जाणार. यावरची दातेरी चक्रांची रचना फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी केली. तिच्यामुळे दोन्ही चाकं आपापल्या वेगाने फिरू शकतात.

पण या रचनेत एक खोट आहे. ती दोन्ही चाकांना वेग वेगळा देते, पिळाचा जोर मात्र सारखाच देते. समजा, एक चाक काळ्या रानाच्या चिखलात आहे आणि तिथे २०० न्यूटन-मीटरच्या वर जोर टिकतच नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही २०० च मिळतात. इंजिनात ताकद कितीही असो, पकड कमी असलेलं चाक दोघांची मर्यादा ठरवतं. म्हणून उसाची ट्रॉली रुतली की एक चाक जागेवर गरगर फिरतं आणि दुसरं नुसतं उभं राहतं.

त्यावर ट्रॅक्टरवाले काय करतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पायाने लॉक दाबायचा. दोन्ही चाकं एक होतात आणि ट्रॅक्टर निघतो. पण लॉक लावून वळायला गेलं तर ट्रॅक्टर सरळच ओढतो आणि गिअरवर ताण येतो. म्हणजे पूर्ण मोकळं ठेवलं तरी अडचण, पूर्ण बांधलं तरी अडचण. खरी गरज आहे ती हवं तेव्हा, हवं तेवढंच बांधण्याची.

शर्यतीच्या गाड्यांना ही गरज आधी जाणवली. १९३० च्या दशकात पोर्शे यांच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी जर्मनीच्या झेडएफ कंपनीने कमी घसरणारं, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बनवलं. पुढे अशा डिफरन्शियलमध्ये क्लचसारख्या प्लेटा सर्रास वापरल्या जाऊ लागल्या. पण प्लेटा किती आवळायच्या, हे कारखान्यात बसवलेल्या स्प्रिंगवर आणि उतारांवर ठरलेलं असायचं. रस्ता ओला आहे की कोरडा, हे त्यांना कळत नसे.

इलेक्ट्रॉनिक प्रकारात प्लेटा त्याच. त्यांना आवळायला मात्र छोटी मोटर किंवा तेलाचा दाब असतो, आणि किती आवळायचं ते कॉम्प्युटर सांगतो. फेरारीने २००४ च्या एफ४३० मध्ये असं डिफरन्शियल दिलं. २०१३ च्या सुमारास फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयमध्ये ते पुढच्या चाकांसाठी आलं. कॉम्प्युटर प्रत्येक चाकाचा वेग, स्टिअरिंगचा कोन, अ‍ॅक्सिलरेटर आणि गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळतेय, हे सतत मोजतो. मघाच्या उदाहरणात प्लेटा ६०० न्यूटन-मीटरने आवळल्या, तर चिखलातल्या चाकाला २०० आणि पकड असलेल्याला ८०० मिळतात. वळणावर आतलं चाक घसरायला लागलं की जोर बाहेरच्या चाकाकडे जातो आणि गाडी वळायला मदत होते. कच्चकन ब्रेक मारला की प्लेटा सुटतात, म्हणजे एबीएसला प्रत्येक चाक वेगळं सांभाळता येतं.

इथे एक घोटाळा होतो, तो टाळा. नाशिकला बनणाऱ्या थार रॉक्सच्या काही मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक लॉकिंग डिफरन्शियल येतं. ते आपल्या ट्रॅक्टरच्या लॉकसारखं आहे, चालू किंवा बंद. मधलं काही नाही. काही गाड्यांत तर वेगळ्या प्लेटा नसतातच, घसरणाऱ्या चाकाला नुसता ब्रेक लावला जातो. त्यात थोडी ताकद ब्रेक तापवण्यात जाते. तेव्हा गाडी घेताना "इलेक्ट्रॉनिक" या शब्दावर जाऊ नका. यातलं नेमकं काय दिलंय, ते विचारा.

आता गॅरेजवाल्या मित्रांसाठी. तुमच्यापैकी एकाने मघाशी विचारलं, "सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं, मग आम्ही काय करायचं?" ही काळजी खरी आहे. अशा गाडीला स्कॅनर लागतोच आणि तो शिकावा लागेल. पण मी लिहिलेला प्रोग्रॅम चाकाच्या सेन्सरवर विश्वास ठेवून चालतो. त्या सेन्सरवर चिखल बसला किंवा वायर तुटली, तर प्रोग्रॅमपुढे एकच सुरक्षित मार्ग असतो. प्लेटा सोडून द्यायच्या आणि दिवा लावायचा. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला असेल, तर झिजलेला टायर लहान असल्याने जास्त वेगाने फिरतो आणि कॉम्प्युटरला चाक घसरल्याचा भास होऊ शकतो. प्लेटांचं तेल खराब झालं तर आवळणं बिघडतं. यातलं काहीही मला ऑफिसात बसून दुरुस्त करता येत नाही. ते तुमच्याच हाताने होतं. म्हणून टायर जोडीने बदला, कंपनीने सांगितलेलंच तेल घाला आणि दिवा लागला की आधी सेन्सर पुसून बघा.

आणि ट्रॅक्टरवाल्यांनो, तुमच्या ट्रॅक्टरवर हा कॉम्प्युटर नाही. तिथे लॉक कधी सोडायचा, हे ठरवणारे तुम्हीच. वळायच्या आधी सोडा, डांबरी रस्त्यावर तर लावूच नका. घरात लेकरं वाट बघत असतात.

सर, बाई, परीघाचं सूत्र आणि बल गुणिले अंतर, एवढ्यावरच हे सगळं उभं आहे, आणि ते आम्हाला याच शाळेत मिळालं. त्याबद्दल मनापासून आभार.