पहिली केमो आणि दीडशे रुपयांचा थर्मामीटर

कोणी बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असेल, कोणी भांडी घासता घासता, आणि कोणी रात्री झोप येत नाही म्हणून. आजचा भाग खास त्या झोप न येणाऱ्यांसाठी आहे. कारण माझ्या पहिल्या केमोच्या आदल्या रात्री मी पण अशीच मोबाईल घेऊन पडले होते आणि दोन वाजता सर्च करत होते, 'केमो दुखते का'.

तर आज त्याबद्दलच बोलूया. पहिल्या केमोची तयारी कशी करायची, त्या दिवशी काय होतं, आणि नंतरचे पंधरा दिवस कसे काढायचे. एक गोष्ट आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. केमोची औषधं शेकडो प्रकारची असतात, प्रत्येकाचा अनुभव वेगळा. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला कागद हाच शेवटचा शब्द. मी फक्त माझी गोष्ट सांगतेय.

मला वयाच्या 26व्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा झाला. लसिका ग्रंथींचा कॅन्सर. मानेला गाठ आली, दुखत नव्हती म्हणून दोन महिने दुर्लक्ष केलं. मग बायोप्सी, मग पेट स्कॅन, मग डॉक्टरांनी कागदावर चार अक्षरं लिहिली: एबीव्हीडी. चार औषधांची पहिली अक्षरं. दर पंधरा दिवसांनी एक डोस, असे बारा डोस. आई-बाबा साताऱ्याहून पुण्यात दादाकडे राहायला आले. आणि आमच्या घरात सगळे एकदम खूप गोड बोलायला लागले. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली, खरं सांगते.

आधीचे आठ दिवस

आधी तपासण्या. माझ्या चार औषधांपैकी एक हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून 2डी एको. दुसरं फुप्फुसांवर, म्हणून फुंकर मारायची ती पीएफटी. मला वाटलं होतं की आता माझं हृदयही बिघडलंय. कोणीतरी एका वाक्यात सांगितलं असतं की ही सुरुवातीची नोंद आहे, पुढे तुलना करायला लागते, तर एक रात्र तरी नीट झोपले असते. म्हणून पहिला धडा: 'ही तपासणी कशासाठी?' हे विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही.

दुसरं, दातांचा डॉक्टर. किडलेला दात असेल तर केमोच्या आधीच दाखवून घ्या, कारण नंतर प्रतिकारशक्ती कमी असताना तोंडातलं इन्फेक्शन महागात पडतं.

तिसरा प्रश्न जरा अवघड. आपल्याकडे तो आई-बाबांसमोर विचारला जात नाही. 'मला पुढे मूल होऊ शकेल का?' काही केमोंचा त्यावर परिणाम होतो, काहींचा कमी होतो. पण स्त्रीबीज किंवा शुक्राणू गोठवून ठेवायचे असतील तर ते उपचार सुरू होण्याआधी करावं लागतं. मुलांनो, तुम्हालाही हे लागू आहे बरं का. मी आईला म्हटलं, "आई, तू जरा बाहेर बस." आणि विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे पाच मिनिटं समजावलं.

चौथं, पैसे. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधार आणि रेशनकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जा. बिल भरून झाल्यावर नको, आधी जा. बाहेरगावाहून येणाऱ्यांना रेल्वेच्या तिकिटातही सवलत मिळते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून घ्यायचा असतो.

तो दिवस

मी बॅग अशी भरली होती जशी महिनाभर ट्रेकला चाललेय. तीन पुस्तकं, आठ पॉडकास्ट डाउनलोड केलेले. त्यातला एकही ऐकला नाही! खरं काय लागलं सांगू? शाल, कारण डे केअरमध्ये एसी असतो. पाण्याची बाटली. चार्जर. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली फाईल. बाही सहज वर जाईल असा सैल कुर्ता. आणि सोबत एक माणूस. एकच, अख्खं खानदान नको.

आधी उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शनं देतात. मग औषधं. पहिलं लाल रंगाचं, अगदी रूह अफजासारखं. घरी गेल्यावर लघवी लाल होते एखाद-दोन दिवस. हे मला सिस्टरनी आधी सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मी रक्त समजून किंचाळले असते. शेवटचं औषध उजेडापासून जपावं लागतं, म्हणून त्याची पिशवी झाकून लावतात.

आणि इथे मी पहिली चूक केली. ते लाल औषध जात असताना मला हाताला जळजळ जाणवली. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे वळल्या होत्या. मी विचार केला, केमो आहे, जळणारच. उगाच नाटकं नकोत. शेजारच्या खुर्चीतल्या काकू, त्यांची सातवी केमो होती, त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, तोंड का वाकडं करतेस? दुखतंय का? अगं मग सांग की!" आणि त्यांनीच हाक मारली, "ओ सिस्टर!"

सिस्टर लगेच आल्या, औषध थांबवलं, सुई तपासली. सुई जराशी हलली होती. दुसऱ्या हाताला नवीन लावली. मग मला म्हणाल्या, "हे औषध शिरेच्या बाहेर गेलं तर आतली कातडी जळते. जरा जरी जळजळ झाली तरी ओरडायचं. इथे शहाणपणा करायचा नाही."

इथे शहाणपणा करायचा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे परत लागणार आहे.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस मी एकदम टवटवीत. भूक लागतेय, रात्री झोप नाही, घर आवरतेय. आई म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होतो." तो सगळा स्टिरॉइडचा प्रताप होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो उतरला आणि मी सोफ्यावरून उठेना. हे असं होतं हे माहीत असलं की घाबरायला होत नाही.

उलटीच्या गोळ्यांचं एकच सूत्र: घड्याळ बघून घ्यायच्या. मळमळायला लागल्यावर घेऊ असं केलं तर उशीर होतो. जेवण थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. मुगाची खिचडी, मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी. पाणी भरपूर. खाऊन झालं की मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चुळा, म्हणजे तोंड येणं कमी होतं. ब्रश मऊ घ्यायचा. पहिले दोन दिवस संडास वापरल्यावर झाकण लावून दोनदा फ्लश करायचं, कारण औषध शरीरातून बाहेर पडत असतं.

आणि एक गंमत. केमोच्या दिवशी आपली सगळ्यात आवडती गोष्ट खाऊ नका. माझ्यासाठी आईने प्रेमाने थालीपीठ केलं होतं, लोण्याचा गोळा ठेवून. त्या रात्री मळमळलं. आज इतके दिवस झाले, अजून थालीपिठाचा वास आला की पोटात ढवळतं. मेंदू दोन्हींची गाठ मारून टाकतो. केमोच्या दिवशी दोडका खा. दोडक्याशी भांडण झालं तरी चालेल! (हसू)

मग सुरू झाले पाहुणे. प्रत्येकाकडे एक उपाय. गावाकडच्या एक काकू सदाफुलीची पानं घेऊन आल्या. "रोज सकाळी चार चावून खा, कॅन्सर पळतो." मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "तुझ्या चार औषधांमधलं एक सदाफुलीतूनच आलंय."

मी घरी येऊन वाचत बसले. ते औषध म्हणजे विनब्लास्टिन. 1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बियर या दोघांनी ते सदाफुलीच्या पानांतून वेगळं केलं. खरं तर तपासत होते मधुमेहासाठी, कारण जमैकामध्ये लोक त्या पानांचा चहा घ्यायचे. साखर काही कमी झाली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. तिथून हे औषध निघालं. म्हणजे काकूंच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजून, शुद्ध करून, शिरेतून देतात. पानात किती आहे, कोण मोजणार? आधीच पांढऱ्या पेशी कमी होत असताना वरून पानं खायची म्हणजे विषाची परीक्षा. मी पानं देवाजवळ ठेवली आणि काकूंना थँक्यू म्हटलं. कोणाचंच मन दुखावलं नाही.

नववी रात्र

आता मुद्द्याचं. डे केअरमधून निघताना सिस्टरनी एक कागद दिला होता. त्यावर एक आकडा गोल करून: 100.4. फॅरनहाइट. सेल्सियसमध्ये 38. ताप इथे पोचला की हॉस्पिटलला यायचं. दिवस असो, रात्र असो. खाली इमर्जन्सीचा नंबर. दादाने वाटेत मेडिकलमधून डिजिटल थर्मामीटर घेतला, दीडशे रुपयांचा. मी म्हटलं, कशाला?

कारण असं आहे. केमो वेगाने वाढणाऱ्या पेशी मारते. कॅन्सरच्या तशाच, पण केसांच्या, तोंडाच्या अस्तराच्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा साधं इन्फेक्शनही काही तासांत अंगभर पसरू शकतं. आणि लढायला पेशीच नसल्याने पू नाही, सूज नाही. कधी कधी ताप ही एकच खूण असते.

नवव्या रात्री साडेबाराला मला थंडी वाजली. थर्मामीटर लावला: 100.8.

मी आईला उठवलं. आई म्हणाली, "अगं, दुपारी गॅलरीत बसली होतीस, वारं लागलं असेल. एक तापाची गोळी घे, सकाळपर्यंत बघू." बाबा म्हणाले, "एवढ्या रात्री कुठे डॉक्टर भेटणार?" आणि खरं सांगू? मलाही तेच हवं होतं. परत हॉस्पिटल नको होतं. दादाला सकाळी ऑफिस होतं. त्याला उठवायची लाज वाटत होती. गोळी हातात घेतली होती मी.

मग ते वाक्य आठवलं. इथे शहाणपणा करायचा नाही.

मी दादाचं दार वाजवलं. तो उठला, थर्मामीटर बघितला आणि एक शब्द न बोलता गाडीची चावी घेतली. जाताना फोन केला. पोचल्यावर रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिकचं सलाईन सुरू केलं. नंतर रिपोर्ट आला. इन्फेक्शनशी लढणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी हजारोंत असायला हव्यात, त्या माझ्यात तीनशे होत्या.

चार दिवस ॲडमिट होते, मग घरी आले. पुढचा डोस थोडा लांबला, बस.

त्याच वॉर्डमध्ये पलीकडच्या बेडवर एक काका होते. त्यांना दोन दिवस ताप होता, आणि ते दर सहा तासांनी गोळी घेत होते. गोळीने ताप उतरायचा, त्यांना वाटायचं बरं झालं. आत इन्फेक्शन वाढत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्यांचा बेड रिकामा होता. रात्रीच आयसीयूत नेलं होतं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. कॉरिडॉरमध्ये मला म्हणाली, "बाबा म्हणत होते, तुम्हाला त्रास नको."

ते वाक्य आजही माझ्या डोक्यातून जात नाही. कारण माझ्याही तोंडात तेच होतं. तुम्हाला त्रास नको.

म्हणून सांगते

प्रत्येकाला असा ताप येत नाही. मलाही पुढच्या अकरा डोसांत परत आला नाही. केस गेले तिसऱ्या आठवड्यात, उशीवर पुंजके दिसायला लागल्यावर दादानेच मशीन फिरवली. आजीने मात्र तेलाची बाटली कपाटात जपून ठेवली. "येतील तेव्हा लागेल," म्हणाली. लागली. आज उपचार संपून दीड वर्ष झालंय, शेंडी बांधण्याइतके केस आहेत.

लोक म्हणतात, केमोला हिंमत लागते. मला वाटतं, हिंमत म्हणजे गप्प बसून सोसणं नाही. जळजळ होतेय तर ओरडा. मूल होईल का हे विचारायचंय तर विचारा. रात्री ताप आला तर झोपलेल्या माणसाला उठवा. त्रास द्या. तुमच्या माणसांना तो त्रास हवा असतो.

आणि तुमच्या मित्राची, बहिणीची, आईची पहिली केमो असेल, तर 'तू फायटर आहेस' असा मेसेज नका पाठवू. 'फोन सायलेंटवर नाही, रात्री तीनलाही गाडी काढीन' असं लिहा. आणि एक थर्मामीटर घेऊन जा.

आजच्यापुरतं एवढंच. कोणाची उद्या पहिली केमो असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि रात्री दोन वाजता सर्च करणाऱ्या तुला सांगते: सुई टोचते तेवढं दुखतं. बाकी जे काही होईल ते सांगत जा. झोप आता. शाल बॅगेत टाकलीस ना?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.