विहीणबाईंना विचारलेला प्रश्न

मी रायपूरच्या पुरानी बस्तीतून बोलतेय. मध्येच गाड्यांचे हॉर्न ऐकू आले, तर सांभाळून घ्या.

माझी सून जर्मन आहे. तिच्या आईशी दर रविवारी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. बोलणं कसलं, मुलगा मध्ये बसून भाषांतर करायचा. तब्येत, थंडी, जेवण. पाच मिनिटांत विषय संपायचे. मग मी ठरवलं, एक तरी प्रश्न आपण स्वतः विचारायचा. कुठला? करमणुकीचा. वय, पगार विचारला तर चौकशी वाटते. काय बघायला आवडतं असं विचारलं, की माणूस खुलतो.

प्रश्न असा: ‘वास झेअन झी गेर्न?’ तुम्हाला काय बघायला आवडतं? ऐकायला काय आवडतं, तर ‘वास ह्योरन झी गेर्न?’ ‘गेर्न’ म्हणजे आवडीनं. क्रियापदाबरोबर एवढा शब्द आला की काम झालं. ‘झी’ म्हणजे तुम्ही. विहीणबाईंना तेच हवं. सुनेला मात्र ‘डू’: ‘वास झीस्ट डू गेर्न?’

त्या म्हणाल्या, जुने चित्रपट. मला हुरूप आला. एका चित्रपटाचं नाव घेऊन विचारलं, ‘गेफालन झी डेम फिल्म?’ त्या हसतच सुटल्या. मी विचारलं होतं, तुम्ही त्या चित्रपटाला आवडता का! ‘गेफालन’बरोबर चतुर्थी येते, एवढं लक्षात होतं; ती लावली भलत्यालाच. खरं वाक्य, ‘गेफेल्ट ईनन डेअर फिल्म?’ ‘ईनन’ म्हणजे तुम्हाला. आपण मराठीत ‘तुम्हाला चित्रपट आवडतो’ म्हणतो ना, तसंच. आवडणारी वस्तू कर्ता, आणि माणसाला चतुर्थी. मी इंग्रजीच्या वाटेनं गेले म्हणून फसले. मराठीतून थेट गेले असते, तर चुकले नसते.

मग त्यांनी विचारलं, ‘उंड झी?’ आणि तुम्हाला? मी म्हटलं, नाटक. हबीब तन्वीर आमच्या रायपूरचे, जन्म 1923चा. ब्रेख्तची नाटकं बघायला ते 1956मध्ये बर्लिनला गेले होते. आणि ब्रेख्तचं 1928चं ‘द्रायग्रोशनओपर’ आमच्या पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं. अर्थात, एवढं सगळं मला जर्मनमध्ये कुठलं यायला! ते मुलानंच सांगितलं. पण नाटकाचं नाव माझ्या तोंडून ऐकताच त्या एकदम पुढे सरकल्या. ते त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं.

त्या रविवारी पाऊण तास बोललो. शेवटी मुलगा कंटाळून चहा करायला उठला, तरी आमचं चालूच होतं. मोडकंतोडकं, हातवारे करत, पण आमचं आम्ही.

तेव्हा मंडळी, व्याकरण पक्कं होईपर्यंत थांबू नका. ‘गेर्न’ शिका, प्रश्न विचारा. आणि उत्तर आलं की पुढचा एक शब्द: ‘वारुम?’ का? खऱ्या गप्पा तिथून सुरू होतात. भेटू पुढच्या भागात.