रक्तपरीक्षेची योग्य वेळ

बिबवेवाडींत राहणारा आणि मार्केट यार्डांत एका आडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिणारा एक तरुण कल्पनेंत आणावा. रविवारीं त्याच्याकडून असुरक्षित शरीरसंबंध घडतो. गुरुवारीं तो गुपचूप प्रयोगशाळेंत जाऊन रक्त देतो. संध्याकाळीं ‘निगेटिव्ह’ असा शेरा असलेला कागद हातीं पडतो आणि चार रात्रींची हरवलेली झोप त्याला एकदम परत मिळते. आतां घरीं पत्नीला कांहीं सांगण्याचें कारण उरलें नाहीं, असें त्याला वाटतें. त्याच्या हातांतला कागद खरा आहे. त्यावरून त्यानें काढलेलें अनुमान मात्र निराधार आहे.

एच.आय.व्ही. हा विषाणु शरीरांत शिरला कीं त्याच दिवशीं रक्त त्याची साक्ष देत नाहीं. नेहमींच्या झटपट तपासणींत प्रत्यक्ष विषाणु शोधला जात नसून, त्याच्याशीं झुंजण्यासाठीं शरीरानें निर्माण केलेलीं प्रतिपिंडें शोधलीं जातात. आणि तीं निर्माण होण्यास अवधि लागतो. पेरणीच्या दुसऱ्या दिवशीं वावरांत हिरवें कांहीं दिसत नाहीं, म्हणून बीं पडलेंच नाहीं असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं. या अवधीला डॉक्टर ‘विंडो पीरियड’ म्हणतात. विषाणूचें जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी साधारणतः १० ते ३३ दिवसांत संसर्ग दाखवूं शकते. पी-२४ हें विषाणूचें प्रथिन व प्रतिपिंडें हीं दोन्ही शोधणारी, शिरेंतल्या रक्ताची प्रयोगशाळेंतील तपासणी १८ ते ४५ दिवसांत. आणि केवळ प्रतिपिंडें शोधणारी तपासणी २३ ते ९० दिवसांत.

ही गोष्ट पुण्याला तरी परकी वाटूं नये. भोसरी येथें १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. त्या दशकांत पुण्यांतील गुप्तरोग-चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांचें रक्त संशोधकांनीं दोन रीतींनीं तपासलें. प्रतिपिंडें नाहींत म्हणून जे निर्दोष ठरले असते, अशांपैकीं पन्नासांहून अधिक जणांच्या रक्तांत पी-२४ आढळलें. हा वृत्तांत १९९७ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ताप, सांधेदुखी आणि रात्रीं सुटणारा घाम हीं लक्षणें अशा रुग्णांत विशेष दिसलीं. परंतु असा ताप फ्ल्यू-डेंग्यूंतही येतो, आणि कित्येकांना कांहींच होत नाहीं. म्हणून लक्षणांवरून निदान करण्याचा मोह टाळावा. याच आरंभीच्या दिवसांत रक्तांतील विषाणूंची संख्या फार मोठी असते, म्हणजे दुसऱ्यास संसर्ग होण्याचा धोकाही तेव्हांच अधिक.

तथापि त्या तरुणाची मोठी हानि निराळीच झाली. ज्या चार दिवसांत तो तपासणीचा विचार करीत होता, त्यांतच औषधाची वेळ निघून गेली. संसर्गाची शक्यता घडल्यापासून ७२ तासांच्या आंत प्रतिबंधक औषधें सुरू करून तीं २८ दिवस न चुकतां घेतल्यास विषाणूला बहुधा थोपवितां येतें. जितकें लवकर तितकें बरें. औषध द्यावें कीं नाहीं हें धोका तोलून डॉक्टर ठरवितात. म्हणून प्रसंगानंतरचा पहिला प्रश्न ‘रक्त केव्हां तपासूं?’ हा नसून ‘डॉक्टरांकडे आज जातां येईल काय?’ हा असावा.

त्यानंतर वेळापत्रक सोपें आहे. पहिली तपासणी लगेच करावी. ती जुना संसर्ग आहे कीं नाहीं एवढेंच सांगते. दुसरी सहा आठवड्यांनीं आणि तिसरी तीन महिने पुरे झाल्यावर. प्रतिबंधक औषधें घेतलेल्यानें पुढील तारखा डॉक्टरांना विचाराव्या, कारण औषधामुळें निकाल लांबूं शकतो. मधल्या काळांत निरोध वापरावा, आणि रक्तदान मुळींच करूं नये. रक्तपेढींत आयती तपासणी होईल या हिशेबानें रक्त देणारा मनुष्य अनोळखी रुग्णाचा जीव पणाला लावतो. एका ताटांत जेवल्यानें, हस्तांदोलनानें किंवा डांस चावल्यानें हा रोग होत नाहीं. तेव्हां घरांत कोणाची ताटवाटी वेगळी करण्याचें प्रयोजन नाहीं.

तपासणीची लाज अनेकांना अडविते. सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. ससून रुग्णालयांतही ती सोय आहे. १०९७ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. त्यानुसार संमतीवांचून तपासणी करतां येत नाहीं व निकाल गुप्त ठेवावा लागतो. एकाच झटपट तपासणीचा प्रतिकूल निकाल अंतिम मानीत नाहींत. निराळ्या पद्धतीच्या आणखी तपासण्यांनीं खात्री करतात. संसर्ग ठरलाच, तर २०१७ पासून प्रत्येक रुग्णास लगेच मोफत उपचार सुरू करण्याचें सरकारी धोरण आहे. उपचारानें विषाणु मोजतां येणार नाहीं इतका घटून तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून तो जोडीदाराला लागत नाहीं.

गाळ्यावरचा हिशेब वर्षाअखेर जुळल्याखेरीज तो तरुण वही मिटीत नाहीं. हा हिशेब मात्र चौथ्या दिवशींच मिटवून तो निश्चिंत झाला. तीन महिन्यांची ती तारीख त्यानें दिनदर्शिकेवर खुणेनें लिहून ठेवावी, आणि तोंवर पत्नीला अंधारांत ठेवूं नये. तें बोलणें कठीण आहे. पण ज्या धोक्यांत तीही सहभागी आहे, त्याची माहिती तिला असणें हा तिचा हक्क आहे.